दोन पावलांमधलं शिखर

रचनाचे वडील देवीदास मोहफुलं वेचायला गेले आणि हत्तीच्या पायाखाली सापडून दगावले. अर्जुनी मोरगावकडच्या त्यांच्या गावात तोवर कुणी हत्ती पाहिलाही नव्हता. पुढे एका संस्थेने त्या रानवाटेवर जमिनीचे हादरे टिपणारी यंत्रं पुरली, तेव्हा गोंदियात संगणकावर काम करणाऱ्या रचनाने ते काम मागून घेतलं.

यंत्राकडून नुसते आकडे येत. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यापेक्षा मोठा आकडा म्हणजे शिखर, आणि शिखर म्हणजे पाऊल. पण वाऱ्याने झाडं हलली तरी ढीगभर शिखरं निघत. म्हणून तिने किमान उंची ठरवली. तिच्या खालचं सगळं गाळलं. एकच पाऊल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून दोन शिखरांत अंतरही राखलं. आता लांबचे हत्ती सुटू लागले, कारण त्यांचा हादरा पोचेपर्यंत क्षीण होई. शेवटी तिने दोन्ही अटी सैल केल्या, आणि शिखर किती उंच आहे यापेक्षा आजूबाजूच्या खळग्यांतून ते किती वर उठलंय, ते मोजलं.

हत्ती सापडले. जुने आकडे पुन्हा चाळताना आणखीही काही सापडलं. सकाळी एका माणसाची पावलं, आणि त्यांच्या अधेमधे एक लहानसं, टोकदार शिखर. काठी टेकल्यासारखं. बाबा काठी टेकत चालायचे, आणि हे यंत्र त्यांच्याच मोहाच्या झाडापाशी होतं. तिने पुन्हा पुन्हा तपासलं. काठी रोज येत होती.

रविवारी ती घरी न कळवता थेट झाडाजवळ जाऊन उभी राहिली. वाटेवर काठी वाजली तेव्हा तिला पळावंसं वाटलं, पण तिने झाडाचा बुंधा धरला. झुडपाआडून तिची आई, कुसुमबाई, पुढे आली. हातात बाबांची काठी होती.

"माय, तू काऊन येऊन राहिली इथं?"

"घरी करमत नाही. इथं आलं का तो मांगून येऊन राहिल्यासारखा वाटते."

रचनाने तिला यंत्र दाखवलं, काठी कशी दिसली ते सांगितलं. कुसुमबाईने सगळं मन लावून ऐकलं.

"मंग माह्या मांगं त्याचं पाऊल नाही दिसलं त्यात?"

"नाही."

"बरोबर पाह्यलं का तू?"

रचनाने यंत्रावर पुन्हा माती ओढली. मग म्हणाली, "मी रोज पाहीन. पन तू इथं नोको येऊ."

कुसुमबाईने ते ऐकलं. वाटेवरची काठी थांबली. आता संध्याकाळी फोन येतो, "दिसला का?" आणि रचना नाही म्हणते.

एकदा मात्र तिने उंचीची अट पार काढून टाकली. पडदा शिखरांनी भरला. त्यात काही अगदी समान अंतरावर होती, कुणी सावकाश चालत यावं तशी. अट काढल्यावर वाऱ्यातूनही पावलं निघतात, हे तिला माहीत होतं. तिने अट परत घातली, शिखरं गेली.

त्या संध्याकाळी आईने विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली नाही.

"पाहून राहिली अजून," ती म्हणाली.