हाईम, मुळगाव

मलकाबाई हाईम यांनी मुळगावात सव्वीस वर्षं बाळंतपणं केली. लग्न केलं नाही. घरात मराठी, बाळंतिणीपाशी कोंकणी, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथची वात लावताना ज्यूंची हिब्रू. राजभाषा मराठी की कोंकणी, हे आंदोलन पेटलं तेव्हा दोन्हीकडची माणसं निवेदनावर सही मागायला आली. दोघांनाही त्या म्हणाल्या, "कळा सोसताना तुमच्या आया ज्या भाषेत ओरडल्या, तिला सही लागली नव्हती."

गोवा राज्य झालं. पुढल्या वर्षी सर्वेश मास्तर मतदारयादी घेऊन दारात आला. त्यांच्याच हातावर जन्मलेला.

"बाय, हे आडनाव तालुक्यात दुसरं नाही. मुळगावकर लिहू?"

"दुसरं आहे. चल."

काजूच्या टेकडीवर त्यांच्या वडिलांची कबर होती. शालोम हाईम रेवदंड्याहून खाणीवर फिटर म्हणून आले होते. त्यांचा आजा लहानपणी तापाने जायला लागला, तेव्हा नाव बदलून हाईम ठेवलं. हिब्रूत त्याचा अर्थ जीवन. पोर जगलं, नावाचं आडनाव झालं. बाकीचे हाईम मुंबईहून इस्रायलला गेले. इथे उरली एक बाई आणि एक दगड.

दगडावरची हिब्रू अक्षरं बेळगावच्या डंपरवाल्यांना मंत्र वाटली होती. ही राखणदाराची, गाव राखणाऱ्या भुताची जागा समजून त्यांनी शेंदूर फासला होता, नारळ आणि विड्या ठेवल्या होत्या. खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा ढीग टेकडीच्या पायथ्याशी पोचला होता.

"राखणदारच राहू दे," सर्वेश म्हणाला. "राखणदारावर माती कोण घालणार नाही. फिटरवर घालतील."

"माझा बाप भूत नव्हता रे. इंजिनं दुरुस्त करायचा." त्यांनी पदराने शेंदूर पुसायला घेतला. "हाईम लिही. दोघांपैकी मत देणारी एकच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दगडावर पांढऱ्या रंगात मराठीत लिहिलं: शालोम हाईम, फिटर.

म्हातारा डंपरवाला बाबाजी घरी आला. "बाई, हा आमचा हाईम मेस्त्री? माझी पहिली गाडी त्यानंच चालू केली. आणि आम्ही त्याला विड्या ठेवत होतो!"

"ओढत नव्हते ते."

"खाणीच्या साहेबाला काय सांगू? इथे माती टाकायचीय त्याला."

"इथे हाईम राहतात, म्हणून सांगा."

माती ओतायला गाड्या आल्या तो शनिवार, शब्बाथचा विसाव्याचा दिवस होता. बाळंतपण सोडलं तर शनिवारी मलकाबाईंनी कधी काम केलं नव्हतं. पण बसणं म्हणजे काम नव्हे. त्या कबरीला पाठ टेकून बसल्या.

पहिली गाडी बाबाजीची होती. साहेब खालून ओरडत होता. बाबाजीने दगड वाचला, बाईंकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.