दगडूची विहीर आणि इंचाला चाळीस हात

बातमीदारीत हयात गेली. सरकारी आकडा छापण्याआधी मी अजूनही स्वतः मोजून पाहतो, म्हणून लोक मला भांडखोर म्हणतात. म्हणू देत! हे खूळ निजामाच्या राज्यात, नेकनूरच्या शाळेत, भूमितीच्या तासाला लागलं. त्या तासाचे किस्से इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा, तर मागचे चार धक्के देतात.

माझ्याशेजारी तरटावर दगडू बसायचा. त्याला शाळेत घालताना त्याचा बाप मास्तरांना म्हणाला होता, "आमच्या विहिरीवर शेजारचा देशमुख हक्क सांगतोय. मोजणीदार यायचा हाय. पोराला नकाशा वाचता आला पायजे, बाकी काय बी नको!"

* * *

पुस्तक उर्दूत. मास्तर 'मुसल्लस' म्हणत फळ्यावर त्रिकोण काढायचे आणि मराठीत समजावायचे. शाळेत फूटपट्टी एकच, तीही सुरुवातीचे दोन इंच मोडलेली. त्यामुळे आमच्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू दोन इंच जास्तच भरायची.

दगडू कुरकुरला, "पट्टीच मोडकी हाय, मास्तर!"

"पट्टी मोडली रं. तुझी वजाबाकी का मोडली?"

* * *

एकदा शाळेचा नकाशा काढायचा होता. स्केल ठरलं, इंचाला दहा हात. मी मोजलं तर शाळा साठ हात लांब. ताडमाड दगडूनं मोजलं तर चोपन्नच! आमची हमरीतुमरी झाली.

मास्तरांनी दोघांचे हात शेजारी शेजारी ठेवले. म्हणाले, "शाळा हाय तेवढीच हाय. भांडण तुमच्या हातांचं हाय!"

* * *

मग काठीच्या सावलीवरून शाळेपुढच्या कडुलिंबाची उंची काढायची होती. दगडूनं काठीची सावली सकाळी मोजली, निवांत भाकरी खाल्ली आणि लिंबाची सावली दुपारी मोजली. उत्तर आलं, लिंब मास्तरांपेक्षा बुटका!

मास्तर गुपचूप झाडाखाली जाऊन उभे राहिले. "दगडू, बघ रं, फांदी डोक्याला लागती का!"

* * *

शेवटी दगडूच्या शेतावर मोजणीदार आला. भर उन्हाळ्यात, भर दुपारी. बाजेवर नकाशा पसरून म्हणाला, "विहीर देशमुखाच्या हद्दीत."

दगडूनं मोजणीदाराचीच पट्टी नकाशाला लावली. "साहेब, वाटेपासून विहीर दोन इंच. इंचाला चाळीस, म्हंजी ऐंशी हात. हद्दीचा बांध सत्तरावर. म्हणून विहीर पलीकडं जाती."

"बराबर!"

"आता जमिनीवर मोजू."

मोजणीदाराच्याच काठीनं मोजलं. वाटेपासून बांध सत्तर हात, विहीर पन्नास!

मोजणीदार जराही डगमगला नाही. "नक्शा सरकारी है. जमीन गलत होगी!"

माझं डोकं भडकलं. दगडू रडकुंडीला आला. त्याचा बाप मात्र बाजेजवळ बसून होता. मोजणीदारानं देशमुखाचं नाव लिहायला घेतलं. लिहिता लिहिता घसा सुकला, तसं त्यानं प्यायला पाणी मागितलं.

दगडूचा बाप उठला. बाजेवरचा नकाशा उचलून त्यानं अदबीनं मोजणीदारापुढं धरला.

"घ्या, साहेब. विहीर ह्यात हाय!"