कुरडईचा टुटू

गॅदरिंगला आठ दिवस उरले होते आणि माझा फ्रॉक काही उभा राहत नव्हता...

सत्तरच्या दशकातलं नागपूर, डिसेंबर महिना, मी पाचवीत. हंसांच्या नाचात आम्ही चौघी होतो. नाच बसवणाऱ्या मिसने ड्रेससाठी एका परदेशी नर्तकीचा फोटो दिला होता आणि त्याखाली लिहिलं होतं, 'टुटू'.

"टुटू? हे तर पिपाणीचं नाव वाटते," आई म्हणाली. पण लगेच कामाला लागली. जुनी मच्छरदाणी धुतली, कापली आणि सहा पदर चुण्या घालून हातानेच चड्डीवर टाचले. मशीनची सुई जाळीत अडकायची, म्हणून सगळा धावदोरा.

फोटोतला घेर कमरेभोवती ताटासारखा आडवा पसरलेला होता. "फोटोच्या वेळी वारा सुटला असंन," असं ठरवून आईने गुडघ्यापर्यंत लोंबता घागरा शिवला. वर तो उडू नये म्हणून काठाला साडीचा फॉल लावला...

मिसने तो पाहिला आणि शांतपणे सांगितलं, घेर आडवा उभा राहिला तर मी हंस, नाहीतर मागे झाड म्हणून उभी. मी रडत घरी आले.

आईने ब्लेडने फॉल उसवला, पदर वीतभर ठेवून खालचा भाग कापला, मग ते भाताच्या पेजेत बुडवले आणि अंगणातल्या बाजेवर गोल पसरून वाळवले. अंगात घातला की पाच मिनिटांत घेर खाली. दुसऱ्या दिवशी पेज आणखी दाट केली... तरी तेच.

तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. बाजेवरचं ते पांढरं, गोल, चुण्याचुण्यांचं प्रकरण बघत म्हणाल्या, "काहून वं, थंडीत कुरड्या घालून राहिली? अन् एवढी मोठी? तळशीन कशात?"

मी तोंड फिरवलं. आई मात्र बाजेकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "चीक लावून पाहू."

कुरडईचा चीक म्हणजे तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, पिळायचे, मग रात्रभर निवळू द्यायचे. आमच्याकडे दिवस सहाच. आईने त्याच संध्याकाळी गहू भिजत घातले. रोज पाणी बदलताना मी शेजारी उभी राहून बोटांवर दिवस मोजायची...

पाचव्या दिवशी पातळ शिजवलेल्या चिकात टुटू बुडाला आणि पुन्हा बाजेवर गेला. सहाव्या दिवशी दुपारी आईने तो उचलला, तर परातीसारखा आडवा. काकूंनी बोटाने टिचकी मारली. टण्ण.

स्टेजवर बाकी तिघींचे घेर दुसऱ्याच गिरकीला कलले. माझा हलला नाही, फक्त कुरकुर वाजत होता. नाच संपल्यावर मिस आईजवळ आली आणि कापड कुठून आणलं विचारू लागली. आमच्यासोबत आलेल्या काकूंनी मध्येच सांगून टाकलं, "कापड नाही वं बाई, वाळवण आहे."

सायकलरिक्षात मला मांडीवर घेता येईना, टुटू आड येत होता. आई मला एका हाताने धरून हसत म्हणाली, "आता वारा सुटू दे किती सुटते तर."

त्यानंतर मी पुष्कळ नाच पाहिले, मोठ्या शहरांतले, मोठ्या स्टेजवरचे. पण ज्याला गव्हाच्या चिकाचा आंबूस वास येत होता, असा हंस माझ्या आईनेच केला...