हात आडवे केले की थांबायचं

घारदादाचा दिवस पहाटे चारला सुरू होई. गजर लागत नसे. ते काम लघवी करी. संडासात जायचं, उभं राहायचं, वाट बघायची. धार काही मनावर घेत नसे. सहाला पुन्हा तेच, तेव्हा बाहेरून लेक दार बडवी. "बाबा, झोप लागली का आत?" घरात संडास एकच.

तो इमारतींच्या कामावर टॉवर क्रेन चालवायचा, म्हणून नाव घार. सकाळी शिडी चढला की जेवणाच्या सुट्टीलाच खाली. आता मात्र तासातासाला उतरावं लागे आणि शिडी मांड्यांचा भुगा करी. मुकादम म्हणाला, "दादा, असं चालायचं नाही. खालीच सळ्या मोजा." निवृत्तीला दीड वर्ष होतं. क्रेनवरून उतरायचं ते शेवटच्या दिवशीच, असं त्यानं मनाशी धरलेलं.

मग त्यानं शक्कल लढवली. पाणी बंद, चहा बंद. तेवढ्यात सर्दी झाली. दुकानातून गोळी आणून घेतली. नाक मोकळं झालं आणि लघवी पार अडली. पोट तट्ट फुगलं, तरी गडी डबा घेऊन निघाला.

बायको दारात उभी राहिली. दोन्ही हात आडवे पसरून.

क्रेनवाल्यानं 'उचल' आणि 'फिरव' या खुणा फक्त सिग्नलवाल्याच्या मानायच्या. 'थांब' मात्र कुणीही दाखवावं, झाडूवालीनंसुद्धा, आणि क्रेन जागच्या जागी थांबलीच पाहिजे. जेवताना तिला हे त्यानंच हजारदा ऐकवलेलं.

"अहो, कुणीही म्हणजे मीपण ना?"

घारदादानं डबा खाली ठेवला.

दवाखान्यात नळी घातली. पोट हलकं झालं आणि त्याच्या तोंडाला रंग आला. डॉक्टरीणबाई सांगू लागल्या, "प्रोस्टेटच्या पेशींत रिसेप्टर असतात. पुरुषी हार्मोन त्यांना येऊन चिकटतं आणि वाढ म्हणून सांगतं. वय झालं तरी सांगणं थांबत नाही. ग्रंथी वाढते, लघवीची वाट आवळते. त्यात तुमची ती सर्दीची गोळी!"

"म्हणजे माल कधीच पोचलाय, आणि सिग्नलवाला अजून 'वर घे' करतोय?"

"तसंच समजा. ही गोळी त्याचा जोर कमी करेल, पण सहा महिने द्या तिला. ही दुसरी वाट सैल करेल, ती लवकर लागू पडते. आणि पाणी प्या."

"सहा महिन्यांत आम्ही दहा मजले चढवतो, बाई."

"चढवणं सोपं हो. मला उतरवायचंय."

नळी आठवड्याभरात निघाली, पण गोळी पुरती लागू पडेतो त्यानं सळ्या मोजल्या. "घारीची कोंबडी झाली रे!" सिग्नलवाला ओरडे. घारदादा त्याला हात आडवे करून दाखवी.

पुढे धार सुधारली, मुकादमाची खात्री पटली. घारदादा पुन्हा वर चढला, आणि ठरवलं होतं तसा शेवटच्या दिवशी तिथूनच उतरला.

वरच्या त्या शेवटच्या वर्षाच्या पगारातून घरात दुसरा संडास झाला. फरशी त्यानं स्वतः बसवली. पहाटे चारला तो आता घोरत असतो. सहाला उठतो, तर लेक दोन्हीपैकी नवाच अडवून बसलेली असते.