थेंबीची कात

आबांनी आयुष्यभर झुरळं मारली, आणि त्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. गावातल्या निम्म्या घरांचं सिंकखालचं कपाट त्यांनी आतून पाहिलेलं. कुठल्या बाईने करपलेलं पातेलं लपवलंय, कुठल्या साहेबांनी बिस्किटांचा पुडा बायकोपासून दडवलाय, सगळं त्यांना ठाऊक; पण तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत. पाठीवर पंप, गळ्यात पंच्यासारखा गुंडाळलेला रुमाल, आणि बोटाच्या पेराने भिंत ठोकत ठोकत जायची सवय. लोक त्यांना फवारेकाका म्हणत. खरं नाव दारावरच्या पाटीला तेवढं माहीत.

त्यांच्या कामाची रीत ठरलेली होती. पळणाऱ्या झुरळामागे चप्पल घेऊन धावणाऱ्या माणसांची त्यांना कीव यायची. "औषध फटीत घालायचं आणि बाहेर येऊन बसायचं," ते सांगत. "ते आपलं काम करतं. आपण मध्ये लुडबुड करायची नाही." दुसरं म्हणजे, एकदा हात घातला की जागा स्वच्छ होईपर्यंत सोडायची नाही. अर्धवट फवारलेलं घर त्यांना अर्धवट दाढी केलेल्या माणसासारखं वाटायचं.

मग गुडघ्याने दगा दिला. मुलाने पंप माळ्यावर टाकला आणि आबा घरी बसले. बसले म्हणजे काय, दिवसभर घरातल्या भिंती ठोकत फिरू लागले.

"अहो, त्या भिंतीत काही नाही," आजी म्हणायची. "माझ्या डोक्यात मात्र मुंग्या यायला लागल्यात."

अशात नातीची शाळेची सहल निघाली. नात दहा वर्षांची, पण हुकूम सोडण्यात तरबेज, म्हणून आबा तिला साहेब म्हणत. सहलीला खेळणी न्यायची नाहीत असा बाईंचा नियम होता, आणि साहेबांकडे तर तळहाताएवढ्या व्हिडिओ गेममध्ये एक जीव होता, ज्याला रोज खाऊ लागायचा.

त्या गेममध्ये चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि लढवायचे. कुणी ज्वाळा ओकायचं, कुणी वीज पाडायचं. साहेबांनी मात्र पाळली होती एक विषारी गोम: जांभळी, वांग्यासारखी गुबगुबीत, पायांची नुसती झालर, आणि शेपटीच्या टोकाला कायम लोंबणारा हिरवा विषाचा थेंब. म्हणून नाव थेंबी. वर्गातल्या कुणालाच ती आवडत नसे. साहेबांचा तिच्यावर जीव.

"आबा, नीट ऐक," नातीने बजावलं. "रोज एक सफरचंद द्यायचं आणि जरा फिरवून आणायचं, नाहीतर ती रुसते. आणि ती थरथरायला लागली, अंगातून उजेड यायला लागला, की ती कात टाकणार. तेव्हा हे लाल बटण दाबून धरायचं. कात टाकू द्यायची नाही. रविवारी वाचनालयात स्पर्धा आहे. लहान गटात फक्त कात न टाकलेले प्राणी घेतात."

"जशी आज्ञा, साहेब."

लढाईबद्दल ती काहीच बोलली नाही. आबा लढतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"जन्मभर मारलेत, आता पाळा," आजी भाजी निवडता निवडता म्हणाली. "वर हिशेब द्यायचा आहे म्हणतात, बरं पडेल."

पहिल्या दिवशी आबांनी थेंबीला सफरचंद दिलं आणि फिरायला नेलं. गेममधल्या गावाच्या टोकाला धान्याचं एक जुनं कोठार होतं. सहज आत डोकावले, तर पोत्यांमधून एक पिवळा किडा अंगावर आला. थेंबीने त्याला चावा घेतला, तो गडगडला. चार पावलं टाकतात तोच दुसरा.

आबा चष्मा पुसून ताठ बसले. कोठारात कीड, आणि तीही एवढी! गावाने कुणाला बोलावलं कसं नाही?

त्यांनी कंबर कसली. एका कोपऱ्यापासून सुरुवात, भिंतीच्या कडेकडेने, एकही जागा न सोडता. दुसऱ्या दिवशी पाहतात तर किडे पुन्हा हजर. त्या गेममध्ये किडे कधी संपतच नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? त्यांना वाटलं, आपलीच कुठेतरी फट राहिली. ते जेवणाच्या ताटावरून उठून कोठारात जाऊ लागले. मधूनच थेंबी थरथरे, लकाके. आबा इमानदारीने लाल बटण दाबून धरत, अंगठा पांढरा पडेपर्यंत. प्रत्येक खेपेनंतर थेंबीच्या नावापुढचा आकडा वाढताना दिसे, आणि काम पुढे सरकतंय म्हणून त्यांना बरं वाटे. भिंत ठोकायचं तर पार विसरूनच गेले. आजीने देवाचे आभार मानले.

नात सहलीहून आली ती चपला न काढताच गेमकडे धावली.

"कात टाकू दिली नाही हं," आबा अभिमानाने म्हणाले. "एकदाही नाही."

नातीने पडद्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"आबा, हिचा आकडा अठरा होता. एकेचाळीस कसा झाला?"

"काम केलं ना आम्ही. कोठारात काय कीड होती म्हणून सांगू..."

"लहान गटात आकडाही वीसच्या आतच लागतो." तिने गेम हळूच टेबलावर ठेवला. "आता थेंबी नाही चालणार."

आबांनी गेम उचलून डोळ्यांजवळ धरला. "कमी होत नाही का तो? थोडं उपाशी ठेवून?"

"नाही होत." ती रागावली असती तर बरं होतं. ती नुसती आत जाऊन उशीत तोंड खुपसून पडली.

आबांनी सरळ वाचनालय गाठलं. तिथल्या बाई ओळखीच्या. एकदा कपाटांना वाळवी लागली होती तेव्हा दोघांनी मिळून धूळ खाल्ली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तोंडावर पदर धरून थोडं हसूनही घेतलं, पण नियम काही वाकवला नाही.

"काका, मोठ्या गटात कुणालाही घेते. पण तिथे नववी-दहावीची मुलं असतात. डोंगराएवढे प्राणी आणतात."

घरी येऊन आबा नातीच्या पलंगाच्या कडेला बसले. "चूक माझी आहे, साहेब. तुझं नाव काढून टाकायला सांगू का?"

उशीखालून एक हात बाहेर आला. "दाखव, काय काय केलंस ते."

आबांनी चष्मा चढवला. "हे बघ. आधी औषध द्यायचं. मग थेंबीला फटीत घालायची. मग बसायचं."

नात उठून बसली. "फटीत? तिला फटीत शिरता येतं?"

"येतं की. हे मुरणारं विष पण येतं. तुला ठाऊक नाही?"

तिला खरंच ठाऊक नव्हतं. एवढ्या आकड्यापर्यंत अशी गोम कात न टाकता कुणी नेलीच नव्हती, म्हणून या युक्त्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. आबांनी तिला कोठारात नेलं, आपली रीत दाखवली, आणि दाखवता दाखवता एका पोत्यामागे बोट नेऊन म्हणाले, "इथे कुठेतरी यांचं घर आहे, मला सापडत नाही."

"आबा, ते कधीच संपत नाहीत. गेममध्ये तसंच असतं."

आबांनी पोत्यामागून बोट काढलं. "मला आधी सांगायचं नाही का गं?"

नात अशी हसत सुटली की स्वयंपाकघरातून आजी पळत आली.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात, मोठ्या गटात, नातीसमोर आला मिसरूड फुटलेला एक उंच मुलगा. त्याच्याकडे आगीचा गेंडा. "हे काय, अळी आणलीस?"

"गोम आहे," नात म्हणाली. "आणि हात लावू नकोस, विषारी आहे."

थेंबीने एक चावा घेतला आणि जमिनीच्या भेगेत शिरली. गेंड्याने शिंग मारलं ते धुळीत. पुन्हा मारलं. मुलगा दात-ओठ खाऊन बटणं बडवू लागला.

"बाहेर काढ ना तिला!"

"थांब," आबा खुर्चीमागून पुटपुटले. "घाई नको."

"आबा, मला कळतंय."

गेंडा डुलला, गुडघ्यावर आला आणि धप्पकन आडवा झाला. शेवटच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. शिट्टी आजीची होती. तिला वाजवता येते हे लग्नाला इतकी वर्षं होऊन आबांना माहीत नव्हतं.

पुढच्या फेरीत गाठ पडली लोखंडी कासवाशी. विषाचा काही उपयोग झाला नाही, थेंबी दोन फटक्यांत गारद झाली. नातीने मान वळवून आबांकडे पाहिलं, तर ते समजुतीने हात हलवत होते. "लोखंडाला कीडच लागत नाही. तिथे आपल्याला कोण बोलावणार?"

वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून नातीने गेम उघडून आबांच्या हातात दिला. "आता स्पर्धा झाली. टाकू दे तिला कात. कोठारात एक फेरी मार, पण लाल बटण दाबायचं नाही."

एका किड्याचा निकाल लागला. थेंबी थरथरू लागली, उजेड पसरला. आबांनी गेम नातीच्या हातात दिला आणि आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले; अंगठ्याचा काही भरवसा नव्हता. जांभळं कवच उकललं. आतून दोन ओले पंख बाहेर आले, आणि शेपटीचा थेंब जागच्या जागी होता.

"उडते पण आता?" आजी वाकून बघत म्हणाली. "अहो, माळ्यावरचा पंप काढून ठेवा हो."

"खबरदार," आबा म्हणाले, आणि थेंबीला सफरचंद कुठून द्यायचं ते आजीला दाखवू लागले.