डोक्यामागचं पिवळं

इंदापुरात कुणाच्या घरी वर्षश्राद्ध आलं, की लोक आधी आचारी ठरवतात, मग कीर्तनकार, आणि मग रोहिणीकडे येतात. तैलचित्रासाठी. गेलेल्या माणसाचा मोबाइलमधला फोटो तिच्यापुढे धरतात. कुणाला मोठी फ्रेम हवी असते, कुणाला लहान, पण उठता उठता सगळे एकच सांगतात, "मॅडम, मागं तेज तेवढं चांगलं घाला."

तेज म्हणजे डोक्यामागचं पिवळं. मधोमध लिंबाच्या सालीसारखं, मग हळदीसारखं, कडेला भगवट. वीस वर्षांत रोहिणीनं ते कुणाकुणाच्या डोक्यामागं घातलं नव्हतं? बायकोला दाव्यानं मारणाऱ्याच्या मागं घातलं. सख्ख्या भावाच्या उसाचं पाणी रातोरात तोडणाऱ्याच्या मागं घातलं. गरीब सज्जन माणसांच्या मागंही घातलं, तेच, त्याच ट्यूबमधलं. आता ती ट्यूब दाबली की तिला शेंबूड पिळल्यागत वाटायचं. बोटाला लागलं तर ती साबणानं तीन-तीनदा हात धुवायची.

बाकीचं काम म्हणाल तर त्याला चित्र काढणं म्हणायचीच लाज वाटावी. तिचा नवरा दादासो बारामतीला जाऊन तो फोटो कॅनव्हासवर छापून आणायचा. रोहिणी त्यावर पातळ तेलरंग फिरवायची, साडीचे काठ जाड करायची, डोळ्यांत पांढरा ठिपका द्यायची. झालं तैलचित्र. छपाईच्या शाईचा आणि जवसाच्या तेलाचा असा काही एकत्र वास सुटायचा, की सकाळची भाकरी घशाशी यायची.

शिकली होती ती हे नव्हे. धनगराची पोर, बापामागं मेंढरांत वाढलेली, चित्रकलेचा डिप्लोमा करायला बारामतीला गेली तेव्हा तिच्या सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, की तेलरंगात उजेड वरून घालता येत नाही. कॅनव्हासला आधी पांढरा हात द्यायचा. त्यावर पातळ रंगाचा एक हात, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. बाहेरचा उजेड त्या रंगांतून आत शिरतो, तळाच्या पांढऱ्याला लागून माघारी येतो, आणि चेहरा आतून उजळतो. इतरांनी ते वहीत लिहून घेतलं. रोहिणीनं देवाचं नाव घ्यावं तसं मनात धरलं. तिचा बाप बिरोबाचा भंडारा कपाळाला लावताना म्हणायचा, "ह्यो वरचा पुसून जाईल गं. आतला बघाय शीक." सर सांगत होते ते आणि बाप सांगत होता ते तिला एकच वाटलं.

तेव्हापासून तिला एकच चेहरा हवा होता, आतून उजळलेला. देवापुढं दिवा लावून ती स्वतःच्या कॅनव्हासपुढं उभी राहायची. बापाचा चेहरा काढला, स्वतःचा काढला, देवळातल्या पुजाऱ्याचा काढला. सगळे मेणाचे. मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून ठेवलेले. पन्नाशी आली तशी तिनं मनाशी ठरवलं, की आणखी एकदा बघायचं आणि नाही जमलं तर ब्रश उजनी धरणाच्या पाण्यात सोडून द्यायचे.

अशात शेळगावचा रविराज आला. बागायतदार माणूस. त्याच्या आईचं, द्वारकाबाईंचं, वर्ष दोन महिन्यांवर आलं होतं. फोटो कुठल्याशा साखरपुड्यातला, शेजारच्या बाईचं कोपर मध्ये आलेलं.

"जरा गोरी करा," तो म्हणाला. "उन्हानं रापल्याली ती. आन् गळ्यात ठुशी, मोहनमाळ पायजे."

"होती का त्यांच्याकडं?"

"नसंना! चित्रात घालायला काय सोनाराकडं जावं लागतंय? फुडचे दोन दात नव्हते, ते बी बसवा. आन् तेज असं घाला, मांडवाच्या शेवटाला बसलेल्याला दिसलं पायजे."

"एकदम टकाटक करून देतो," दादासो म्हणाला.

रोहिणी मात्र फोटोकडं बघत राहिली. ही बाई तिच्या ओळखीची होती. म्हणजे बोलणं कधी झालं नव्हतं, पण दर सोमवारी एसटीनं महादेवाला यायची, खांबाला टेकून डोळे मिटून बसायची. दारातून ऊन तिच्या गालावर पडायचं. रोहिणीला वाटायचं, ऊन तिथं पडत नाही, तिथून निघतंय.

"छापील तुम्ही आणा नेहमीसारखं," ती रात्री जेवताना दादासोला म्हणाली. "मी एक माझं काढणार आहे."

"दोन कशाला गं?"

"एक त्यांना, एक मला."

दुसऱ्या दिवशी तिनं कॅनव्हासला पांढरा हात दिला. मग आठवणीतून द्वारकाबाईंचं डोकं उतरवलं. रापलेलं, काळंसावळं, मिटलेले डोळे, दातांच्या फटीनं जरा बसलेला ओठ. एकेक हात वाळायला पाच-सहा दिवस लागायचे. मध्ये दुसऱ्यांची पिवळी कामं चालूच होती. ती उरकून, हात धुऊन मगच ती मागच्या खोलीत जायची. सहाव्या हाताला, एका सकाळी, गालाच्या काळ्या रंगाखालून काहीतरी वर आलं. रोहिणीनं खिडकी लावली, उघडली, पुन्हा लावली. ते होतं तिथंच होतं. तिनं ब्रश खाली ठेवून हात जोडले.

दादासोसुद्धा दारात येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "ही आता बोलंल गं."

वर्षश्राद्धाला चार दिवस असताना रविराज चित्र न्यायला आला. बरोबर बायको होती, माधवी. रोहिणीनं मोठ्या हौसेनं दोघांना मागच्या खोलीत नेलं. वाटलं, बघितल्यावर हा छापील मागणारच नाही.

"आरं तिच्या! काळी का ठिवली?" रविराज म्हणाला. "ठुशी कुठाय? आन् तेज?"

"तेज आत आहे."

"आत ठिवून काय उपेग, मॅडम? पावण्यांना बाहीर दिसाया नको?"

दादासोनं लगबगीनं छापील चित्र आणलं. गोरीपान बाई, गळाभर सोनं, तोंडभर दात, डोक्यामागं परातीएवढं पिवळं. रविराजचा चेहरा खुलला. "व्हय, ही आमची आई!" त्यानं आणि दादासोनं मिळून ते पोत्यात गुंडाळलं आणि पिकअपमध्ये बांधायला बाहेर नेलं.

माधवी तिथंच थांबली होती.

"ताई, ह्या कोण?"

"तुमच्या सासूबाई, वहिनी."

"न्हाय." माधवी जरा पुढं झाली. "देवळात अशा दिसत असतील. आमाला देवळात न्हेलं कुठं कवा! आमाला गोठा." ती हलक्या आवाजात बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. "चार दिवस गोठ्यात बसवायच्या. तांब्या वरनं वतायच्या, हात लागू नये म्हणून. सातव्या महिन्यात गोठ्यात शेण काढताना माझ्या पोटात दुखाय लागलं, तर म्हणल्या, आज सोमवार हाय, आधी देवाला जाऊन येते. गेल्या आन् आल्या. तवर सगळं झालं हुतं, तितंच शेणात."

रोहिणीनं चित्राकडं बघितलं.

"तोंड असंच शांत असायचं बघा," माधवीनं चित्राच्या ओठाजवळ बोट नेलं. "नुसता ह्यो कोपरा आत वढायच्या. मी काय बी मागितलं की वढायच्या. तुमी तेवढा काढला न्हाय."

बाहेर हॉर्न वाजला. माधवी गेली.

रोहिणी तशीच जमिनीवर बसली. तो सोमवार कुठला असेल, याचा हिशेब तिला करायचा नव्हता, तरी डोकं करत होतं. कदाचित त्याच सोमवारी ती खांबाजवळच्या त्या गालाकडं बघून धन्य झाली असेल. तिला रविराजची नाही, स्वतःची शिसारी आली. लोकांनी पिवळं डोक्यामागं मागितलं, तिनं ते आत भरलं, एवढाच काय तो फरक. तिनं चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि चित्रावर नेली.

पण पुसवेना. ऊन तिनं बघितलं होतं. ते काही खोटं नव्हतं. ती बाई डोळे मिटून बसायची तेव्हा देवाचंच नाव घेत असणार, आणि घरी जाऊन तांब्या वरून ओतत असणार, तेच हात, तेच तोंड. "देवा, तुला तरी हिचा वास कसा आला नाही?" ती मोठ्यानं म्हणाली, आणि बोलल्यावर घाबरून तिनं कान धरले. चिंधी बादलीत टाकली.

वर्षश्राद्धाला ती गेली नाही. दादासो जाऊन सत्काराची शाल घेऊन आला. "लोक नुसतं बघत हुते! म्हणले, तेज काय आलंय!" ती शाल तिनं हातातसुद्धा घेतली नाही.

ती ओठाच्या कोपऱ्यावर काम करत होती. करंगळीच्या नखाएवढी जागा, पण तीन आठवडे पुरली. जरा जास्त ओढला की बाई राक्षसीण दिसायची, आणि ते तर आणखीनच सोपं खोटं. पुसायची, वाळू द्यायची, पुन्हा. शेवटी कोपरा बसला. तिला वाटलं होतं, आता उजेड जाईल. तो गेला नाही. गालाखाली होता तिथंच राहिला, फक्त दुपारी पत्र्यावर पडलेल्या उन्हासारखा झाला. त्याच्याकडं फार वेळ बघवत नव्हतं. जन्मभर जे मागितलं ते आलं होतं, आणि रोहिणीनं त्यावर फडकं टाकलं.

तिनं माधवीला फोन केला. "सवडीनं एकदा येऊन बघा."

माधवी बाजाराचं निमित्त करून एसटीनं आली. पिशवी खांद्यालाच, पदर खांद्यावर पिन लावलेला. रोहिणीनं चित्रावरचं फडकं काढलं.

माधवीचा हात आपोआप वर गेला. पदर डोक्यावर आला, मान खाली गेली, पाय एकमेकांजवळ सरकले. सासूची हाक ऐकून सुनेनं दारात उभं राहावं तशी ती उभी राहिली.

मग माधवीच्या ध्यानात आलं. तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं.

"शी!" तिनं पदर असा हिसडला, की पिन तुटून फरशीवर पडली. "ती मेली तरी माजा हात ऐकंना, बघा."

रोहिणी फडकं घेऊन पुढं झाली. "झाकते मी."

"थांबा. ऱ्हाऊ द्या." माधवीनं पिशवी खाली ठेवली. "येसटीला अजून टाईम हाय."

आणि ती उघड्या डोक्यानं त्या तोंडासमोर उभी राहिली.