गोळ्यातली हळद

आमच्या प्रयोगशाळेत आधुनिक विज्ञान चालतं, त्यामुळे खंडेनवमीला यंत्रांची पूजा अगदी वेळेवर होते. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत मागाला हार घालायचे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिक्षणाने माणूस किती पुढे जातो ते मला त्या दिवशी कळलं. मी लेसरला हार घातला.

एमएस्सीच्या प्रकल्पात मी पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकांपासून एलईडी करत होते. काचेवर या स्फटिकांचा पातळ थर द्यायचा. ऊर्जा दिली की तो हिरवा उजेड देतो. पण स्फटिकांत बारीक दोष असतात आणि बरीच ऊर्जा तिथेच उष्णता होऊन वाया जाते. ते दोष बुजवून तेवढ्याच ऊर्जेत जास्त उजेड काढायचा, एवढंच माझं काम. मी इमानदारीने बुजवत होते आणि दोष इमानदारीने जागच्या जागी होते. घरी गेलं की बाबा विचारायचे, "पेटलो काय गो तुझो दिवो?"

थराची परीक्षा एका पोकळ, आतून पांढऱ्या गोळ्यात होते. दांडीच्या टोकाला काच लावून आत सोडायची, निळा लेसर टाकायचा आणि थर किती हिरवा उजेड देतो ते मोजायचं. ही दांडी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून पूजेत तिला हळदकुंकवाचं बोट माझ्या मार्गदर्शक सरांनी स्वतः लावलं. संध्याकाळी रुमालाने पुसलीही त्यांनीच.

दसऱ्यानंतर माझे थर एकदम उजळले. सरांनी लगेच परिषदेसाठी पोस्टर करायला घेतलं. आधी त्यांचं नाव, मग आणखी दोन सरांची, शेवटी माझं. शेवटी का होईना, आमच्या घरातलं नाव पहिल्यांदाच असं कुठे छापलं जाणार होतं. आईने चाळीत पेढे वाटले. मी बल्बचा शोध लावल्याची बातमी तळमजल्यापर्यंत गेली. तो आधीच लागलाय हे सांगायची हिंमत मला झाली नाही.

मग मला शंका आली. मी नापास करून ठेवलेले जुने थरही आता गुणवत्ता यादीत येत होते. शेवटी दांडीला नुसती काच लावली, थर न दिलेली. तीही हिरवी चमकली. दांडी बाहेर काढून पाहिली तर स्क्रूच्या खाचेत पिवळी रेघ. निळ्या उजेडात हळद छान चमकते. माझ्यापेक्षा कमी मेहनतीत.

पोस्टर त्याच दिवशी जायचं होतं. न सांगता राहिले असते तर नाव छापून आलं असतं. सांगितलं तर पोस्टरच रद्द होईल असं वाटत होतं. शिवाय हळद सरांची. मी दांडी घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले.

"सर, ही हळद असेल का?"

"मी पुसली होती."

"हो सर. पण रिकामी काचही चमकतेय."

"रिकामी काच मोजायला कोणी सांगितली होती?"

पहिल्या वर्षाच्या तासाला त्यांनीच सांगितली होती. मी दांडी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी खाचेतली रेघ नखाने खरवडून पाहिली आणि ते म्हणाले, "स्पिरिटने धू. सगळं परत मोज."

परत मोजलं. जुने नापास थर पुन्हा नापास झाले. मी दोष बुजवलेला थर मात्र साध्या थरापेक्षा थोडा उजळ निघाला. थोडाच, पण यात हळद नव्हती. सरांनी पोस्टरवर नवा आकडा घातला, थोडा विचार केला आणि माझं नाव सगळ्यात वर नेलं. एवढ्या लहान आकड्याचा मान विद्यार्थिनीलाच मिळावा, असं ते म्हणाले.

घरी मी बाबांना सांगितलं की दिवा थोडाच पेटलाय आणि पेढे जरा लवकर वाटले गेले.

"थोडो म्हणजे पेटलो मां?" बाबा म्हणाले आणि शेजाऱ्यांना सांगायला बाहेर गेले.